तयार निबंधांच्या नोट्स विकणाऱ्या सरांना खुलं पत्र

प्रति,
स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवणारे सर्व सर आणि मॅडम,
पुणे, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, आणि जिथे जिथे अभ्यासिकेच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे ती सर्व गावं.

विषय : निबंध व पत्रांच्या तयार नोट्स देणं बंद करून मुलांनी लिहिलेलं तपासायला घेण्याबाबत.

महोदय,

वरची विषयाची ओळ लिहायला मला दहा मिनिटं लागली. आधी नुसतंच 'निबंध-पत्रलेखनाच्या तयारीबाबत' असं लिहिलं होतं. मग स्वतःचाच राग आला, कारण ऑफिसात डायरी-डिस्पॅचला, म्हणजे आल्या-गेल्या टपालाच्या नोंदीला, बसून मी रोज असल्याच विषयांची पाकिटं फोडते. 'पेन्शनबाबत.' 'माझ्या अर्जाबाबत.' 'तक्रारीबाबत.' माणसाला काय हवंय, तेवढं सोडून सगळं त्यात असतं. म्हणून मागणी आधीच सांगून टाकली. नोट्स बंद करा, वह्या तपासा. पुढचं ज्याला वेळ असेल त्यानं वाचावं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात सदाशिव पेठेत तीन वर्षं. अभ्यासिकेतली एक खुर्ची, मेसचा डबा आणि तुमच्यापैकीच एका सरांचा क्लास. आता मुंबईत एका केंद्रीय कार्यालयात कारकून आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीएचएसएल, म्हणजे बारावी पातळीवरच्या, परीक्षेतून लागले, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला, २०१७ साली, टियर वन, म्हणजे पहिला टप्पा, निघाली आणि टियर टूला आपटले. त्या आपटण्यात माझा वाटा किती आणि तुमचा किती, याचा हिशोब मी बरीच वर्षं मनात करतेय. आज कागदावर करते.

तेव्हाची टियर टू आताच्या मुलांना माहीत नसेल. पेन आणि कागद, एक तास, शंभर मार्क. दोनशे ते अडीचशे शब्दांचा एक निबंध आणि दीडशे ते दोनशे शब्दांचं एक पत्र किंवा अर्ज. तेहतीस टक्के मिळाले नाहीत तर टियर वनचे मार्क कितीही असोत, घरी. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. थोडं या भाषेत, थोडं त्या भाषेत लिहिलं तर शून्य. मराठीचा पर्याय नव्हता.

क्लासमध्ये आम्हाला स्पायरल बाइंडिंगचं एक बाड मिळालं. पन्नास निबंध, तीस पत्रं. इंग्रजीचं वेगळं, हिंदीचं वेगळं. सर म्हणाले, "विषय याच्या बाहेर जात नाही. सुरुवात आणि शेवट पाठ करा, मधलं आपोआप जमतं." मी हिंदीचं घेतलं, कारण लिपी आपली आणि सिनेमे बघून भाषाही आपलीच वाटायची. चार महिने पाठांतर केलं. त्या चार महिन्यांत कोऱ्या कागदावर घड्याळ लावून मी किती निबंध लिहिले असतील? एकही नाही. कुणी लिहायला सांगितलंच नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. हा माझा वाटा.

हॉलमध्ये विषय अर्थातच वेगळा आला. मला पक्का येत होता तो भ्रष्टाचाराचा, म्हणून मी आलेल्या विषयाला दोरी बांधून ओढत ओढत भ्रष्टाचाराच्या गोठ्यात आणलं. तिथे पाठ केलेलं संपलं आणि स्वतःचं लिहायची वेळ आली. मी लिहिलं, की दोषी मंत्र्यानं 'राजीनामा' दिला पाहिजे. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. पद सोडायला ते इस्तीफा म्हणतात. म्हणजे दोषी मंत्र्यानं तडजोड करावी, असा माझा बाणेदार सल्ला होता. चेष्टा, शिक्षा, संसार, सगळे असेच गळ टाकून बसलेले शब्द. मराठी मुलगी हिंदीत लिहायला बसली की कुठे घसरते, याचं अर्धं पान जरी त्या बाडात असतं ना सर, तरी त्याचे पैसे वसूल झाले असते. पण ते बाड मुळात मराठी मुलांसाठी लिहिलेलंच नव्हतं. कुठून तरी उत्तरेकडून आलं होतं आणि वर फक्त क्लासचं नाव चिकटवलं होतं.

पत्राचं तर विचारूच नका. एका अधिकाऱ्याला लिहायचं होतं. 'सविनय निवेदन'पासून सुरू केलं ते साठ-सत्तर शब्द नमस्कारातच गेले. मग समाज, नागरिकांचं कर्तव्य, प्रशासनाची थोरवी. अधिकाऱ्यानं नेमकं काय करायचं, ते एका ओळीत, तेही शेवटून दुसऱ्या.

एकोणतीस मार्क मिळाले.

क्लासमध्ये सांगायला गेले, तर पुढच्या बॅचचं बाड हातात ठेवलं. नवी आवृत्ती, साठ निबंध.

पैसे संपले होते, म्हणून मी गावी परत आले. गावात बातमी पसरली की पोरगी पुण्याला शिकून आलीय, रिकामीच आहे. मग माणसं येऊ लागली. "ताई, एक अर्ज लिहून दे." पहिला अर्ज आमच्याच शेजारच्या काकांचा. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला होता, वीज कार्यालयाला लिहायचं होतं. मी सवयीनं सुरुवात केली : शेतकरी हा देशाचा अन्नदाता आहे, विजेअभावी त्याचे अतोनात हाल होत असून... काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते ठीकय. पण कुठला डीपी ते लिही की! साहेबाला काय सपान पडणार हाय?"

सर, तीन वर्षांच्या क्लासपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. अर्ज पुन्हा लिहिला. ओढ्याकाठचा शंभरचा डीपी, अमुक तारखेच्या रात्री जळाला, त्यावर एवढे पंप आणि एवढी घरं आहेत, वायरमनला अमुक दिवशी कळवलं, गहू फुलोऱ्यात आहे, आठ दिवसांत बदलून मिळावा. जेमतेम ऐंशी शब्द झाले असतील. अन्नदाता गेला आणि डीपी आला.

त्या वर्षभरात मी किती अर्ज लिहिले, मोजले नाहीत. वारस नोंदीचे लिहिले तेव्हा कळलं, की तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) 'घरातला कर्ता पुरुष गेल्यानं आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला' यात रस नसतो. त्याला मृत्यूची तारीख, गट नंबर, वारसांची नावं, त्यांचं नातं आणि मृत्यूचा दाखला हवा असतो, कारण त्याला गाव नमुना सहा-क मध्ये तेवढंच भरायचं असतं. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचा अर्ज वेगळा आणि माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागायचा वेगळा, हे दोन्ही एकात लिहिलं की दोन्ही अडकतात. शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिताना 'तक्रार' हा शब्द टाळला की काम लवकर होतं. हे कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं.

आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पत्रलेखन शिकवायला याच्यासारखा मास्तर नाही, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर असावा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा, असं म्हटलंय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. म्हणजे शब्दमर्यादा आपल्या परीक्षेचीच, फरक एवढाच की इथे चुकलात तर मार्क जात नाहीत, माहिती जाते. 'गावातल्या रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की उत्तर येतं, 'मागितलेली माहिती मोघम आहे.' कुठून कुठपर्यंतचा रस्ता, कुठलं वर्ष, अंदाजपत्रकाची प्रत हवी की मोजमाप पुस्तिकेची, ते सांगावं लागतं. मोघम हा शब्द मी तिथेच शिकले. मग माझा जुना निबंध आठवला. तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोघम होता.

दुसऱ्या वर्षी टियर टूला पुन्हा हिंदीतच बसले, पण या वेळी 'इस्तीफा' माहीत होता. आधी पत्र लिहिलं, कारण ते वीस मिनिटांत होतं आणि हात मोकळा होतो. निबंधाला पहिली पाच मिनिटं नुसता विचार केला, प्रश्नपत्रिकेच्या कडेला चार शब्द खरडले आणि त्याच क्रमानं लिहीत गेले. भारी काही नव्हतं, पण माझं होतं. निघाले. पुढे टायपिंगची परीक्षा होती, तिची गोष्ट वेगळी आणि तुमचा तिच्याशी संबंध नाही.

आता तुमच्या एका सल्ल्याबद्दल थोडं कडक बोलते. "पत्रात नाव-पत्ता पूर्ण टाका, फॉरमॅटचे मार्क मिळतात," असं आम्हाला शिकवलं होतं. उत्तरपत्रिकेवरच्या सूचनांमध्ये तर ओळख पटेल असं काहीही, नाव, रोल नंबर, मोबाइल, पत्ता, लिहू नका असं छापलेलं असायचं. सीएचएसएल २०१८ च्या टियर टूचा निकाल २०२० च्या सुरुवातीला लागला, तेव्हा पत्रात अशी नावं-पत्ते लिहिले म्हणून हजारो उमेदवारांना शून्य मिळालं. पत्ते काल्पनिकच होते, असं मुलं ओरडून सांगत होती. आयोगाचं ताठरपण मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण त्या हजारोंना काल्पनिक पत्ता लिहायची सवय कुणी लावली होती? सूचनांचं पान आपण मुलांकडून एकदा तरी मोठ्यानं वाचून घेतो का? 'क्ष', 'अ.ब.क.', 'परीक्षा भवन' एवढ्यावर भागतं, हे सांगायला एक मिनिट लागतं.

आणखी एक सल आहे. एमटीएसच्या (मल्टी टास्किंग स्टाफ, म्हणजे शिपाई वगैरे पदांच्या) परीक्षेत पूर्वी पेपर टू असायचा, अर्ध्या तासाचा, पन्नास मार्कांचा. छोटा निबंध किंवा पत्र, आणि तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत लिहिता यायचा. म्हणजे मराठीत! माझा मावसभाऊ त्याला बसला होता. त्यानं हिंदीत लिहिलं. का रे, म्हटलं. म्हणाला, "मराठीच्या नोट्सच मिळाल्या नाहीत." मराठीत विचार करणारा, मराठीत भांडणारा मुलगा, सरकार मराठीत लिही म्हणत असताना हिंदीत लिहून आला, कारण झेरॉक्सच्या दुकानात मराठी बाड नव्हतं. तुमचा धंदा किती खोल गेलाय ते मला त्या दिवशी कळलं.

ते पेपर आता गेले. सीजीएलचा (पदवीधरांच्या परीक्षेचा) टियर थ्री, सीएचएसएलचा वर्णनात्मक पेपर, एमटीएसचा पेपर टू, सगळे २०२२ च्या परीक्षांपासून बंद झाले. मग मी आता हे का उकरून काढतेय?

कारण गेल्या वेळी पुण्याला आले, तेव्हा त्याच झेरॉक्सच्या दुकानात नवं बाड बघितलं. यावेळी मराठीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. २०२३ च्या सुरुवातीला याच मुद्द्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती, तयारीला वेळ द्या म्हणून, आणि एमपीएससीनं ते २०२५ वर ढकललं. तो वेळ मिळाला. त्या वेळात मुलांनी काय केलं माहीत नाही, पण तुम्ही काय केलं ते दुकानात टांगलेलं दिसलं. नऊ पेपर आहेत. त्यात मराठी आणि इंग्रजीचे तीनशे-तीनशे मार्कांचे पात्रतेचे, पंचवीस टक्के हवेत. आणि निबंध अडीचशे मार्कांचा, तो गुणवत्तेत धरणार. बाडावर लिहिलंय, 'निबंध : हमखास विषय'. मी उभ्या उभ्या चाळलं. पहिल्या निबंधाची सुरुवात एका थोर माणसाच्या वचनानं. चाळीस पानं पुढे तेच वचन दुसऱ्याच थोर माणसाच्या नावावर. दोघांपैकी कुणी ते खरंच म्हटलं असेल, असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसावं.

बँकांच्या पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसरच्या) परीक्षेतही वर्णनात्मक आहेच, संगणकावर टाइप करून. तिथे अर्ध्या तासात ईमेल, अहवाल वगैरे लिहायचं. म्हणजे हे कुठे जात नाही, फक्त कपडे बदलून येतं.

शाळेत एक आख्यायिका सांगायचे, तुम्हीही ऐकली असेल. महाराजांनी बाळाजी आवजी चिटणीसांना एक पत्र लिहायला सांगितलं होतं. कामाच्या गडबडीत ते राहून गेलं. रात्री महाराजांनी वाच म्हटल्यावर बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सगळं पत्र मायन्यासकट घडघडा वाचलं. लहानपणी आम्हाला त्यातली चलाखी आवडायची. आता डायरी-डिस्पॅचला बसून वाटतं, की चलाखीचा प्रश्नच नाही. पत्र कुणाकडून कुणाला, कशासाठी आणि समोरच्याचा दर्जा काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोरा कागदही पुरतो. आम्हाला तुम्ही भरलेले कागद दिलेत आणि हॉलमध्ये कोरा समोर आल्यावर आमची बोबडी वळली.

तुमची बाजूही मला कळते. एक उत्तर नीट तपासायला दहा मिनिटं तरी लागतात. बॅचमध्ये दोनशे मुलं, आठवड्याला एकच निबंध धरला तरी दोन हजार मिनिटं. तेहतीस तास झाले. त्या फीमध्ये ते परवडत नाही. बाड एकदा छापलं की परवडतं. पण तालुक्या-तालुक्याला निवृत्त शिक्षक बसून आहेत, निवृत्त अव्वल कारकून आहेत, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे लाल केले. त्यांना महिन्याला चार पैसे द्या, चहा द्या, ते आनंदानं येतील. तेही नको असेल तर मुलांनाच एकमेकांची पत्रं मोठ्यानं वाचायला लावा. स्वतःचं मोघम वाक्य स्वतःच्या कानावर पडलं की माणूस आपण होऊन लाजतो.

आणि मराठीचा पेपर आहे म्हणून शुद्धलेखनाचंही थोडं बघा. अठरा नियम आहेत साहित्य महामंडळाचे, पाठ करायला काही फार नाहीत. पण पाठ केल्यानं येत नाहीत, लिहिल्यानं येतात. 'की' दीर्घ, 'आणि' ऱ्हस्व. पूल खचतो, पण पुलाची दुरुस्ती होते. मूल शाळेत जातं, पण मुलाला दाखला लागतो. बांधकाम खात्याला दहा अर्ज लिहिले की 'पुलाची' मधला पु आयुष्यात पुन्हा चुकत नाही. माझी हमी.

मी महिन्यातून एकदा गावी जाते. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत आता अभ्यासिका झालीय. आठ मुली आणि तीन मुलं बसतात. त्यांना मी एकच काम दिलं होतं : खऱ्या माणसाला खरं पत्र, दीडशे शब्दांत, घड्याळ लावून. एकीनं आगार व्यवस्थापकांना सकाळच्या बसची वेळ वीस मिनिटं अलीकडे घ्यायला सांगितलंय, कॉलेजचा पहिला तास कधी सुरू होतो ते लिहून. एकानं ग्रामपंचायतीकडे वाचनालयाच्या छताला पत्रे मागितलेत आणि किती पत्रे लागतील ते मोजून दिलंय. एका मुलीनं स्वतःच्या वडिलांना लिहिलंय, लग्नाआधी दोन वर्षं द्या म्हणून. ते अर्जाच्या नमुन्यात आहे, विषय आणि संदर्भासकट. संदर्भ : 'आपले दिवाळीतील बोलणे.' तिला मी काही म्हटलं नाही.

ही पत्रं मी तपासली आहेत, पण मी परीक्षक नाही. तुम्ही आहात. सोबत त्यांच्या प्रती जोडते. लाल पेनानं बघा, जिथे मोघम आहे तिथे खूण करा आणि वाचनालयाच्या पत्त्यावर परत पाठवा. पत्ता पाकिटावर आहे. महिनाभरात आलं तर पोरं त्यावर पुन्हा लिहून पाठवतील.

कळावे,
आपली विश्वासू,
तुमच्या २०१६ च्या बॅचमधली, तिसऱ्या बाकावरची

सोबत : वरीलप्रमाणे अकरा पत्रं, हस्तलिखित प्रती, पानं चौदा.